काउंटीनिहाय निकालाचा तक्ता: आधी ताळा, मग नकाशा

अमेरिकेत नोव्हेंबरची निवडणूक झाली की काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग) आकड्यांवरचं मराठी लिखाण एकदम वाढतं. कुणी आपल्या राज्याचा तक्ता करतं, कुणी मागच्या निवडणुकीशी तुलना करतं, कुणी लाल-निळा नकाशा जोडतं (लाल रिपब्लिकन, निळा डेमोक्रॅटिक). त्यातले बरेच तक्ते चुकलेले असतात आणि चुका दर वेळी त्याच असतात. मूळ आकडे बरोबर असतात, गडबड होते ती ते गोळा करताना आणि जोडताना. म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे. हा क्रम मोडू नका. विशेषतः सहाव्या टप्प्यातला ताळा जुळल्याशिवाय टक्केवारी काढायला बसू नका.

## तयारी

पहिली अडचण आपल्या सवयीची आहे. आपल्याकडे निवडणूक आयोग एकच, त्यामुळे तिथलंही सगळं एका जागी मिळेल असं वाटतं आणि लोक फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर जाऊन बसतात. त्या संस्थेचं मुख्य काम प्रचारातल्या पैशावर लक्ष ठेवण्याचं. ती राज्यवार मतं प्रसिद्ध करते, काउंटीनिहाय नाही. मतदान घेणं आणि मोजणं हे काउंटीचं किंवा गावाचं काम, निकाल प्रमाणित करणं राज्याचं. म्हणजे ५० राज्यं आणि राजधानी धरून ५१ फायली, आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

बसण्याआधी हे जवळ असू द्या:

- राज्याच्या निवडणूक कार्यालयाची फाईल. बहुतेक ठिकाणी हे काम राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे असतं (हा राज्याचा अधिकारी, देशाचा परराष्ट्रमंत्री नव्हे). व्हर्जिनियात डिपार्टमेंट ऑफ इलेक्शन्सकडे, न्यू यॉर्क आणि नॉर्थ कॅरोलायनात स्टेट बोर्ड ऑफ इलेक्शन्सकडे, विस्कॉन्सिनमध्ये इलेक्शन्स कमिशनकडे.
- त्याच राज्याचा एकूण निकाल, पण वेगळ्या कागदावरून. ताळ्यासाठी हाच लागतो.
- जनगणना विभागाची काउंट्यांची यादी, कोडसह आणि त्याच वर्षाची.
- टिपणाची एक साधी फाईल. काय बदललं, का बदललं, कोणत्या तारखेला, हे तिथे लिहीत जा.

इशारा: उतरवलेली मूळ फाईल कधीही उघडून दुरुस्त करू नका. तिची प्रत काढा आणि काम प्रतीवर करा. चूक सापडली की परत जायला मूळ जागा शिल्लक राहिली पाहिजे.

## १. प्रश्न एका ओळीत लिहा

‘काउंटीनिहाय निकाल हवेत’ हा प्रश्न नव्हे. अमेरिकेत जनरल इलेक्शनच्या एकाच मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, प्रतिनिधिगृहाचा सदस्य, कधी गव्हर्नर, कधी शेरीफ आणि वर स्थानिक कराचा प्रस्ताव, असं सगळं असतं. फाईलमध्येही ते एकाखाली एक येतं. कोणतं पद, कोणतं वर्ष, कोणतं राज्य, आणि मतं हवीत, पहिल्या दोघांतला फरक हवा की टक्का, हे आधी लिहून काढा.

शिवाय प्रश्नाचं उत्तर काउंटीत मिळणार आहे का तेही इथेच बघा. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. ‘ठाणेदारांच्या मतदारसंघात राष्ट्राध्यक्षपदाला कुणाला किती मतं पडली’ असं विचारून लोक वेन काउंटीचा आकडा लावतात. तो मतदारसंघ वेन काउंटीचा एक भाग आहे, उरलेली काउंटी दुसऱ्या मतदारसंघांत जाते. त्या प्रश्नाला प्रीसिंक्टचे, म्हणजे मतदान विभागांचे आकडे लागतात. महाराष्ट्रात सहा विधानसभा मिळून एक लोकसभा होते तसं नीट बसणारं गणित इथे नाही.

## २. प्रमाणित फाईलच घ्या

निवडणुकीच्या रात्री दिसतो तो अनधिकृत आकडा. टपाली मतं, पात्रता तपासेपर्यंत तात्पुरती बाजूला ठेवलेली मतं आणि परदेशातल्या सैनिकांची मतं त्यात नंतर भरली जातात. पेनसिल्व्हेनियात टपाली पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडता येत नाहीत. कॅलिफोर्नियात मोजणी काही आठवडे चालते. त्या रात्रीच्या आकड्यांवर केलेला तक्ता महिन्याभराने टिकत नाही.

मिशिगनच्या उत्तरेकडची अँट्रिम ही छोटी काउंटी लक्षात ठेवा. २०२० मध्ये तिथे रात्री बायडेन सुमारे ३,००० मतांनी पुढे दिसले. काही गावांच्या मतपत्रिकेत उशिरा बदल झाला होता, तो सगळ्या यंत्रांमध्ये भरला गेला नव्हता, त्यामुळे काउंटीच्या एकत्रित बेरजेत मतं चुकीच्या नावांपुढे पडली. कागदी मतपत्रिका आणि यंत्रांच्या पट्ट्या बरोबर होत्या. दुरुस्तीनंतर ट्रम्प सुमारे ३,८०० मतांनी पुढे निघाले आणि डिसेंबरमध्ये हाताने केलेल्या मोजणीने तेच सांगितलं. ज्यांनी पहिला आकडा उतरवून ठेवला आणि पुन्हा पाहिलंच नाही, त्यांच्या तक्त्यात ही काउंटी उलटी आहे.

तपासणी: फाईलवर ‘प्रमाणित’ किंवा ‘अधिकृत’ असा शेरा आहे का? नसेल तर टिपणात तसं लिहा आणि पुढे मजकुरातही लिहा.

## ३. ओळी मोजा

कोडनिहाय यादीत देशात आज ३,१४४ काउंट्या किंवा काउंटीसमान घटक आहेत. निकालाच्या फायलींत मात्र इतक्याच ओळी येत नाहीत. प्रत्येक राज्याच्या ओळी आधी मोजायच्या आणि यादीशी ताडून बघायच्या. जॉर्जियाच्या १५९, टेक्ससच्या २५४, लुइझियानाच्या ६४ पॅरिश (तिथे काउंटीला पॅरिश म्हणतात) सरळ बसतात. खालची राज्यं बसत नाहीत.

व्हर्जिनियात ९५ काउंट्या आणि ३८ स्वतंत्र शहरं आहेत. ही शहरं कोणत्याही काउंटीत येत नाहीत, म्हणून १३३ ओळी हव्यात. मेरीलंडमधलं बाल्टिमोर आणि मिसूरीतलं सेंट लुइस हीदेखील स्वतंत्र शहरं, आणि दोघांच्याही नावाची काउंटी शेजारीच आहे.

मिसूरीच्या निकालात कॅन्सस सिटी ही वेगळी ओळ दिसते, कारण तिथे निवडणुकीचं मंडळ वेगळं आहे. ती काउंटी नाही. तिची मतं जॅक्सन काउंटीत मिळवायची.

शिकागोच्या वाचकांसाठी खास: कुक काउंटीच्या (शिकागो याच काउंटीत येतं) क्लार्कच्या, म्हणजे निवडणुकीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर शहराबाहेरच्या भागाचेच निकाल असतात. शिकागो शहराची मतं शहराचं निवडणूक मंडळ देतं. दोन्हींची बेरीज म्हणजे कुक काउंटी. एकच पान उतरवलं तर लाखो मतं गायब होतात आणि तक्त्याकडे नुसतं बघून ते कळत नाही.

हवाईतली कलावाओ ही अगदी चिमुकली काउंटी. तिची मतं माउईत धरलेली असतात.

अलास्काचं दुखणं मोठं आहे. तिथे निकाल राज्य विधिमंडळाच्या ४० मतदारसंघांनुसार मिळतात, बरोनुसार (तिथला काउंटीसमान घटक) नाही, आणि दोन्हींच्या सीमा जुळत नाहीत. कुणी बरोनिहाय आकडे दिले असतील तर ते अंदाजाने वाटून काढलेले असतात. माझ्या मते अलास्काची एकच ओळ ठेवावी आणि खाली तसं लिहावं.

ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या राज्यांत मोजणीचा खरा घटक म्हणजे गाव. कनेटिकटमध्ये १६९ गावं आहेत. जुन्या ८ काउंट्यांच्या जागी जनगणना विभाग २०२२ पासून ९ नियोजन विभाग धरतो. तुमची लोकसंख्या नव्या विभागांची आणि मतं जुन्या काउंट्यांची असतील तर जोडणी बसणारच नाही. गावांपासून बेरीज करा, म्हणजे दोन्हीकडे जाता येईल.

## ४. नावावर नाही, कोडवर जोडा

प्रत्येक काउंटीला पाच अंकी फिप्स कोड असतो: पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे. दोन तक्ते जोडायचे ते याच कोडवर.

नावावर जोडलं की काय होतं ते सांगतो, कारण मी ते केलं आहे. व्हर्जिनियाच्या एका तक्त्यात मी ‘काउंटी’ आणि ‘सिटी’ हे शब्द काढून टाकले, नावं सुटसुटीत दिसावीत म्हणून. रिचमंड शहर म्हणजे राज्याची राजधानी. रिचमंड काउंटी तिथून दूर, थोड्या हजार वस्तीची. नावं सारखी झाली आणि स्प्रेडशीटने राजधानीच्या मतांपुढे त्या छोट्या काउंटीची लोकसंख्या बसवली. मतदारांपेक्षा मतं जास्त निघाली म्हणून चूक दिसली. फेअरफॅक्स, रोआनोक, फ्रँकलिन या जोड्याही अशाच आहेत, आणि तिथे आकडे इतके बेढब नसतील तर चूक दिसतही नाही. रिचमंड काउंटीचा कोड ५११५९, शहराचा ५१७६०. कोड वापरला असता तर प्रश्नच नव्हता.

न्यू यॉर्कमध्ये आणखी एक रिचमंड काउंटी आहे, ती म्हणजे स्टेटन आयलंड. ब्रुकलिन हे किंग्स काउंटीच्या नावाने आणि मॅनहॅटन हे न्यू यॉर्क काउंटीच्या नावाने येतं. मिडलसेक्स न्यू जर्सीत आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये आहे आणि व्हर्जिनियातही आहे.

इशारा: एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये फाईल थेट उघडली की कोडचं पहिलं शून्य गळतं. अलाबामातल्या ऑटॉगा काउंटीचा ०१००१ हा कोड १००१ होतो. अलाबामा, अलास्का, ॲरिझोना, आर्कान्सा, कॅलिफोर्निया, कोलोराडो आणि कनेटिकट या सगळ्यांचे कोड शून्यापासून सुरू होतात. फाईल आयात करताना तो रकाना ‘मजकूर’ म्हणून निवडा. उघडून, जतन करून मग सुधारू म्हणाल तर उशीर झालेला असतो.

तपासणी: कोडच्या रकान्यातल्या प्रत्येक नोंदीची लांबी ५ आहे का? एकही कोड दोनदा आला आहे का?

## ५. तुकडे एकत्र करा

एका काउंटीत एका उमेदवाराची एकच ओळ असेल असं गृहीत धरू नका.

काही राज्यं मतं प्रकारानुसार फोडून देतात: मतदानाच्या दिवसाची, आगाऊ, टपाली, तात्पुरती. एमआयटीच्या निवडणूक प्रयोगशाळेची काउंटीनिहाय राष्ट्राध्यक्षपदाची फाईल अनेक जण वापरतात. चांगली आहे, पण तिच्यात मतदानप्रकाराचा एक रकाना आहे. बहुतेक राज्यांपुढे तिथे ‘एकूण’ लिहिलेलं असतं. २०२० च्या जॉर्जियासारख्या राज्यांत मात्र ‘एकूण’ची ओळ नाही, प्रकारांच्या वेगळ्या ओळी आहेत. फक्त ‘एकूण’च्या ओळी निवडून घेतल्या तर अख्खं जॉर्जिया नाहीसं होतं. उलट एखाद्या फाईलमध्ये तुकडेही असतात आणि एकूणही. सगळं मिळवलं की मतं दुप्पट होतात.

न्यू यॉर्कमध्ये एकच उमेदवार दोन पक्षांच्या रकान्यांत असू शकतो. २०२० मध्ये बायडेन डेमोक्रॅटिक आणि वर्किंग फॅमिलीज या दोन्ही रकान्यांत होते, ट्रम्प रिपब्लिकन आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या दोन्हींत. उमेदवाराच्या नावावर बेरीज करा, पक्षावर नको.

नेव्हाडात ‘यापैकी कुणीही नाही’ हा पर्याय मतपत्रिकेवरच असतो. ती मतं वैध मतांत धरायची, उमेदवारांत नाही.

## ६. ताळा

सगळा लेख विसरलात तरी चालेल, हा टप्पा विसरू नका. तीन बेरजा करायच्या.

पहिली, उमेदवारनिहाय: सगळ्या काउंट्यांची बेरीज राज्याच्या प्रमाणित आकड्याशी शेवटच्या मतापर्यंत जुळली पाहिजे. ‘जवळपास जुळते’ म्हणजे जुळत नाही. १२ मतांचा फरकही एखाद्या सुटलेल्या ओळीचं लक्षण असतो. मेनमध्ये परदेशातून आलेली मतं गावांपासून वेगळी दिलेली असतात. तसं काही असेल तर फरक नेमका तेवढाच निघेल.

दुसरी, आडवी: प्रत्येक काउंटीत सर्व उमेदवारांची बेरीज आणि फाईलने दिलेली एकूण मतं.

तिसरी, ओळींची: टप्पा ३ मध्ये ठरवलेली संख्या अजून तेवढीच आहे का. जोडणी करताना ओळी गळतात, कधी दुप्पटही होतात.

फरक आला तर अंदाजाने आकडा भरू नका. फरकाची संख्या फाईलमध्ये शोधा. बरेचदा तोच आकडा एखाद्या ओळीत जसाच्या तसा सापडतो आणि कुठली ओळ निसटली ते कळतं.

## ७. टक्केवारीचा छेद ठरवा

ॲरिझोनाच्या मॅरिकोपा काउंटीचे २०२० चे आकडे घेऊ. बायडेन १०,४०,७७४, ट्रम्प ९,९५,६६५. एकूण मतपत्रिका २०,८९,५६३. नोंदणीकृत मतदार २५,९५,२७२. आता बायडेन यांना किती टक्के?

फक्त दोघांच्या मतांत धरलं तर ५१.१. टाकलेल्या मतपत्रिकांत धरलं तर ४९.८. नोंदणीकृत मतदारांत धरलं तर ४०.१. तिन्ही बरोबर आहेत. एकाच लेखात न सांगता एकावरून दुसऱ्यावर गेलात तर मात्र लेख चुकला. काही मतपत्रिकांवर राष्ट्राध्यक्षपदाचा रकाना कोरा असतो, म्हणून मतपत्रिका आणि वैध मतं हे दोन आकडेही वेगळे.

‘मतदान किती झालं’ याचा छेद तर जास्तच जपून घ्या. नॉर्थ डकोटात मतदार नोंदणी नाहीच. एकूण लोकसंख्या घेतली तर मुलं येतात, आणि ग्रीन कार्ड किंवा कामाच्या व्हिसावर असलेली माणसंही येतात, ज्यांना मतदान करता येत नाही. आपली वस्ती दाट असलेल्या काउंट्यांत याने आकडा बराच खाली ओढला जातो आणि लोक लिहून मोकळे होतात की तिथे मतदानाचा उत्साह कमी. जनगणना विभाग प्रौढ नागरिकांची काउंटीनिहाय अंदाजी संख्या देतो, ती वापरा.

मॅरिकोपात बायडेन यांचं मताधिक्य ४५,१०९ होतं आणि राज्यात १०,४५७. म्हणजे उरलेल्या १४ काउंट्यांत मिळून ट्रम्प ३४,६५२ मतांनी पुढे होते. ही साधी वजाबाकी एखाद्या नकाशापेक्षा जास्त सांगते. ती करायला विसरू नका.

इशारा: मूळ फाईलमध्ये स्वल्पविराम १,०४०,७७४ असा असतो. मराठीत लिहिताना १०,४०,७७४ करा आणि आकडा मोठ्याने वाचून पाहा. मिलियनचे लाख करताना एक शून्य सुटणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. १ मिलियन म्हणजे १० लाख.

## ८. मागच्या निवडणुकीशी तुलना

दोन वर्षांचे कोड सारखे आहेत का ते आधी पाहा. साउथ डकोटातली शॅनन काउंटी २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झाली आणि कोड ४६११३ चा ४६१०२ झाला. व्हर्जिनियातलं बेडफर्ड शहर २०१३ मध्ये बेडफर्ड काउंटीत सामावलं, म्हणून २०१२ च्या दोन ओळी आधी एक करायच्या. कोलोराडोतली ब्रूमफील्ड काउंटी २००१ पूर्वी नव्हतीच.

मग शब्द. टेक्ससच्या सीमेवरच्या स्टार काउंटीत २०२० मध्ये बायडेन सुमारे ५ टक्केबिंदूंनी पुढे होते, २०२४ मध्ये ट्रम्प सुमारे १६ टक्केबिंदूंनी पुढे गेले. फरक सरकला २१ टक्केबिंदूंनी. पण ‘ट्रम्प यांची मतं २१ टक्के वाढली’ हे वाक्य चूक आहे. त्यांचा वाटा सुमारे ४७ वरून सुमारे ५८ टक्क्यांवर गेला, म्हणजे ११ टक्केबिंदूंच्या आसपास वाढला. फरक, वाटा आणि मतांची संख्या या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण कोणती सांगतोय ते प्रत्येक वाक्यात स्पष्ट हवं.

वाट्यासोबत मतांची संख्याही द्या. एका बाजूचा वाटा वाढतो तो दुसऱ्या बाजूचे मतदार घरी बसले म्हणूनही असू शकतो. संख्या पाहिल्याशिवाय ‘मतदार इकडून तिकडे गेले’ असं लिहू नका.

## ९. नकाशा शेवटी

काउंटीला इलेक्टोरल मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष ठरवणारी मतं, नसतात. ती राज्याला असतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं त्यातली काही मतं काँग्रेसच्या मतदारसंघांनुसार देतात, पण काउंटीनुसार कुठलंच राज्य देत नाही. ‘अमक्याने इतक्या काउंट्या जिंकल्या’ या वाक्याला निकालात काही किंमत नाही.

२०२० च्या जनगणनेत टेक्ससच्या लव्हिंग काउंटीत ६४ माणसं होती, लॉस एंजेलिस काउंटीत १ कोटीहून जास्त. नकाशावर दोघींना एकेक रंग मिळतो. ओक्लाहोमाच्या ७७ पैकी ७७ काउंट्या २०२० मध्ये लाल होत्या आणि तिथे ट्रम्प यांना १०,२०,२८० मतं पडली. लॉस एंजेलिस काउंटी निळी होती आणि तिथे त्यांना ११,४५,५३० मतं पडली. संपूर्ण लाल राज्यापेक्षा एका निळ्या काउंटीत ट्रम्प यांची मतं जास्त, आणि भरीव रंगाच्या नकाशात ती दिसतच नाहीत.

म्हणून प्रत्येक काउंटीवर मताधिक्याच्या प्रमाणात वर्तुळ काढा. रंगच भरायचा असेल तर निदान छटा ठेवा, ५१ टक्क्यांची काउंटी आणि ८१ टक्क्यांची काउंटी एकाच रंगात नको.

## १०. आकड्याच्या पलीकडे जाऊ नका

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत एडिसन आहे, इसेलिन आहे, आपली माणसं भरपूर आहेत. दर निवडणुकीनंतर तिथला आकडा घेऊन ‘भारतीय मतदार अमुक पक्षाकडे वळले’ असं लिहिलं जातं. २०२० च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या ८,६३,१६२ होती. तिथे सगळ्या वंशांचे, सगळ्या थरांचे लोक राहतात. वळले ते त्यांच्यातले कोण, हे काउंटीची बेरीज सांगू शकत नाही. गावनिहाय किंवा प्रीसिंक्टनिहाय आकडे घेतले तर अंदाज थोडा जवळचा होतो, पण मतपत्रिकेवर कुणाचं आडनाव नसतं. समाजाबद्दल लिहायचं असेल तर मतदारांना विचारून केलेली पाहणी लागते. काउंटीच्या आकड्यावरून फक्त काउंटीबद्दल लिहा: ‘मिडलसेक्समध्ये फरक इतका कमी झाला.’

तक्त्याखाली फाईल उतरवल्याची तारीख, ती प्रमाणित होती की नाही, टक्केवारीचा छेद, आणि अलास्का किंवा कॅन्सस सिटीचं तुम्ही काय केलंत, एवढं लिहा. महिन्याभराने तीच फाईल पुन्हा उतरवून सहाव्या टप्प्याच्या तिन्ही बेरजा परत करा. फेरमोजणी किंवा दुरुस्तीमुळे राज्यं प्रमाणित आकडेही कधी कधी बदलतात. बदल आढळला तर जुना तक्ता नुसता पुसू नका, नव्या आकड्याशेजारी दुरुस्तीची तारीख टाका.